कारण आणि हेतू : दिव्यांग मूल समजून घेताना

आजचा विषय आहे दिव्यांग मुलं आणि त्यांना सांभाळणारी माणसं. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही; आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग या विषयात माझं काय काम, असं तुम्ही विचाराल. काम एवढंच, की आमच्याकडचा एक जुना भेद इथे फार उपयोगी पडतो.

वाऱ्यानं दार आपटलं, तर त्याला कारण असतं. रागावून कोणी दार आपटलं, तर त्यामागे हेतू असतो. (न्यायशास्त्रातला अनुमानाचा हेतू वेगळा, मी मनातल्या हेतूबद्दल बोलतोय.) आवाज दोन्ही वेळी सारखाच. पण पहिल्या वेळी आपण कडी लावतो आणि दुसऱ्या वेळी विचारतो, "काय झालं रे?"

आता सेरेब्रल पाल्सीचं उदाहरण घेऊ. गर्भात, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा झाली, की स्नायूंवरचा ताबा बिघडतो. बुद्धीवर परिणाम होतोच असं नाही. अशा मुलाला चड्डी घालताना त्याचे पाय ताठ होतात, एकमेकांवर कात्रीसारखे चढतात. घरातलं कोणीतरी म्हणतं, "बघा, मुद्दाम करतोय." आणि पाय जोरात ओढला जातो. पण ताठरलेला स्नायू जितक्या झटक्यानं ओढावा, तितका तो जास्त ताठरतो. इथे हेतू नाही, कारण आहे. कंबर आणि गुडघे आधी हळूच वाकवले, की पाय बहुधा सैल पडतात. उचलतानाही तसंच. रागवायचं कुणावर? स्नायूवर?

ही झाली पहिली चूक : जिथे फक्त कारण आहे, तिथे हेतू चिकटवणं.

दुसरी चूक बरोबर उलटी आहे आणि माझ्या मते जास्त गंभीर. मूल घास नको म्हणून तोंड फिरवतं. बोलता येत नाही, म्हणून तोंड फिरवणं हेच त्याचं 'नको'. आपण मात्र म्हणतो, "त्याला काय कळतंय!" आणि मान मागे करून घास भरतो. मान मागे गेली, की गिळणं अवघड होतं. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून मुलाला शक्य तितकं ताठ बसवावं, हनुवटी किंचित खाली असावी, आणि पहिला घास गिळून होईपर्यंत दुसरा पुढे करू नये. हे शरीरापुरतं झालं. त्याचं 'नको' ऐकणं, हे माणूस म्हणून झालं. दोन वाट्या समोर धरा, विचारा, आणि थांबा. उत्तर नजरेतून येईल, वेळ लावून येईल. आपल्याला थांबायची सवय नसते, आणि आपण ठरवून टाकतो की उत्तरच नाही.

तिसरी चूक नातेवाइकांची. "कोणत्या जन्मीचं फळ हे?" असं ते आईच्या तोंडावर विचारतात. मेंदूच्या इजेला कारणं असतात : अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूची कमतरता, तीव्र कावीळ, जंतुसंसर्ग. कित्येकदा नेमकं कारण सापडतही नाही. पण त्यात कुणाचा हेतू नसतो, आणि ती शिक्षाही नसते.

आता सांभाळणाऱ्यांकडे येतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. तीत पगारी माणसाबरोबर बिनपगारी आईवडील आणि घरची माणसंही येतात. म्हणजे आईचं करणं हे काम आहे, एवढं कायद्यानं मान्य केलं. घरानं केलंय का?

एव्हा किटे या अमेरिकन तत्त्वज्ञ. त्यांच्या मुलीला गंभीर बौद्धिक दिव्यांगत्व आहे. 1999 च्या 'लव्ज लेबर' या पुस्तकात त्यांनी एक कल्पना मांडली : जो दुसऱ्याची काळजी घेतो, त्याची काळजी समाजानं घ्यायला हवी. ती कल्पना सुचली बाळंतिणीजवळ राहून तिचं करणाऱ्या बाईवरून. आपल्याला हे नवं नाही. लेक बाळंतपणाला माहेरी येते. बाळाचं तिनं करायचं आणि तिचं तिच्या आईनं. फक्त आपलं हे शहाणपण सव्वा महिन्यात संपतं. दिव्यांग मुलाच्या आईला ते वीस-तीस वर्षं लागतं.

दमलेल्या माणसाला कारण आणि हेतू वेगळे दिसत नाहीत. तीन रात्री न झोपलेल्या आईला ताठरलेला पाय हट्टच वाटणार. तिला शहाणपण शिकवू नका, झोपू द्या. तुमच्या नात्यात, शेजारी असं घर असेल तर "काही सुधारणा आहे का?" एवढंच विचारून परतू नका. त्या मुलाला घास कसा भरवायचा, कसं उचलायचं, हे त्याच्या आईकडून नीट शिकून घ्या आणि आठवड्यातले दोन तास तिला मोकळे करून द्या. त्या दोन तासांत मूल तुम्हाला 'नको' म्हणालं, तर ते ऐका.