तेलातली दिवाळी

वसुबारसेला आपल्याकडे अनेक घरांतल्या बाया गाईचे दूध, दही, ताक, तूप यांतले काहीही तोंडात घालत नाहीत. गहू आणि मूगही वर्ज्य. तिन्हीसांजेला गाय-वासराला ओवाळायचे आणि मग बाजरीची भाकरी, गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन उपास सोडायचा. दिवाळीचा पहिलाच दिवस असा दुधातुपाविना जातो आणि त्यात कुणाला काही उणे वाटत नाही. एवढे ध्यानात घेतले तरी ‘व्हीगन दिवाळी’ म्हणजे शहरातून आलेले खूळ, हा आक्षेप निम्मा गळून पडतो.

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. सोलापूर-धुळे महामार्ग इथे गोदावरी ओलांडतो. पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-संभाजीनगरला गेलेली या भागातली पोरे दिवाळीला याच रस्त्याने घरी येतात. त्यातले एखादे आल्या आल्या सांगते, ‘आई, मी दूध-तूप सोडलंय.’ आईचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग सणासुदीला खाणार काय?’ या प्रश्नाचे उत्तर शोधायला परक्या मुलखातल्या पाककृती चाळाव्या लागत नाहीत. आपल्याच वर्षभराच्या सणांचा आढावा घेतला तरी पुरते.

व्हीगन आहार हे नाव 1944 साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रूढ केले. मांस, मासे, अंडी तर नाहीतच; दूध, तूप आणि मधही नाही. भारत सरकारने 2022 साली अशा अन्नासाठी स्वतंत्र नियम केले, त्यामुळे आता पुड्यांवर हिरवे चिन्ह दिसते. त्या पुड्यांचा आणि आपल्या चुलीचा फारसा संबंध नाही. बदामाचे दूध आणि नारळाचे चीज यांवर पैसे घालवण्याआधी आपल्या कोठीत काय आहे ते पाहावे.

कोठीत ज्वारी-बाजरी आहे, तूर-हरभऱ्याची डाळ आहे, शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे आहेत. मराठवाड्याची मूळ शेती कोरडवाहू. जायकवाडीचा डावा कालवा आल्यावर अंबड तालुक्यात ऊस वाढला, अंकुशनगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पण ताटाची घडण त्याच्या कितीतरी आधीची. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना विचारा, तूप किती वेळा दिसायचे. सणाला पोळीवर एक धार पडली तर पडली. रोजचे कालवण करडईच्या नाही तर शेंगदाण्याच्या तेलात व्हायचे. तूप हे त्या ताटावर वरून आलेले वैभव होते. ताट त्याच्यावाचून उभे होते.

सणांकडे वळू. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. वरचे तूप सोडले तर त्यात दुधाचा थेंब नसतो. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात सोळा भाज्या आणि कटाची आमटी. अडचण फक्त आंबिलीतल्या ताकाची आणि कढीची. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत, रोडगा आणि कांद्याची पात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याचे सोले, वांगी, गाजर, वाल यांची तीळकूट घातलेली लेकुरवाळी भाजी. भाकरीवरचा लोण्याचा गोळा बाजूला ठेवला की झाले. संक्रांतीच्या गुळाच्या पोळीत तीळ, गूळ आणि तेलात खमंग परतलेले बेसन.

चातुर्मासाचा जुना नेम तर याहून नेमका आहे. श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात डाळी सोडायच्या. आश्विनात दूध सोडणारी माणसे आपल्या समाजात होती, आजही आहेत.

पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले धान्य नको. परसात हाताने खणून लावलेले, आपोआप उगवलेले तेवढे घ्यायचे. अळू, माठ, दोडका, भेंडी, लाल भोपळा, मक्याचे कणीस असे सगळे एकत्र शिजवून ऋषीची भाजी करतात, सोबत देवभात. जनावराचे दूधच नव्हे, त्याचे श्रमही आपण घेतो, याची जाणीव वर्षातून एक दिवस ताटात उतरवणारी ही रीत आहे. व्हीगन विचाराचा गाभा याहून वेगळा नाही. पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारतो ती कृतज्ञता. ऋषिपंचमी एक पाऊल पुढे जाते.

सणाचे गोडधोड झाले की जीव शांत करणारे जेवण लागते. थंडीत रात्री आपल्याकडे शेंगोळे करतात. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचे, तेलाच्या हाताने लांब वळ्या करून त्यांची कडी जुळवायची. पातेल्यात लसणाची सढळ फोडणी, त्यावर पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळा सोडायचा. घाईने सगळे एकदम टाकले तर त्यांचा गोळा होतो. शिजता शिजता शेंगोळ्यांचे पीठ थोडे सुटते आणि रस्सा आपोआप दाट होतो. वरून कच्चे तेल. यात दुधाची गरज कुठल्याच टप्प्यावर भासत नाही. येसरची आमटी तशीच: धान्य, डाळ आणि मसाले भाजून दळलेले येसर पाण्यात कालवून फोडणीवर ओतले की पंगत जेवते. सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला, शिळ्या भाकरीचा कुस्करा.

आता पुरणपोळी. ती तुपावाचून कशी, हे लोकांना खरेच अवघड वाटते. कणीक तेलात मुरवून, तेलाच्या हाताने लाटलेली तेलपोळी महाराष्ट्रात जुनी आहे आणि मऊपणात तुपाच्या पोळीला हार जात नाही. डाळ शिजल्यावर काढलेल्या येळवण्याची आमटी आणि दुधाऐवजी गुळवणी. गूळ पाण्यात विरघळवून, सुंठ-वेलची घालून एक उकळी द्यायची. पोळी त्यात बुडवून खाणारे आमच्या भागात कमी नाहीत.

फराळात निम्मे पदार्थ मुळातच तेलातले. चिवडा, शेव, कडबोळी आणि कडकडीत तेलाच्या मोहनाची चकली. फक्त चकलीत लोणी घालू नये. शंकरपाळ्याला दुधाऐवजी पाणी आणि तुपाऐवजी तेलाचे मोहन चालते. अनारसे तुपात तळतात, तेलातही जाळी तितकीच पडते. ती जाळी येते तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलण्यातून आणि गुळात मुरवलेल्या पिठातून. खरा पेच बेसनाच्या लाडवाचा. शेंगदाण्याचे तेल थंडीतही पातळ राहते, म्हणून त्यातला लाडू बसतो. खोबरेल मात्र साधारण 24-25 अंशांखाली घट्ट होते, त्यामुळे खाण्याच्या खोबरेलात बेसन भाजले तर लाडू वळतो आणि टिकतो. चव बदलते, हे कबूल करावे. त्याहून मला शेंगदाण्याचे आणि तिळाचे लाडू पसंत आहेत. दोन्हींत जवळजवळ निम्मे तेलच असते, त्यामुळे भाजून गुळाबरोबर कुटले की वेगळे काही न घालता वळले जातात. वनस्पती तूप मात्र या निमित्ताने घरात आणू नये. सरकारने त्यातली घातक चरबी 2022 पासून दोन टक्क्यांवर आणली, तरी आपल्या घाण्याचे तेल असताना त्याची गरजच काय? भाऊबीजेला बासुंदीऐवजी मोसंबीचा रस द्यावा. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते उगाच नाही.

अडचणी आहेत. पंचामृतात दूध, दही, तूप, मध. पण गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी भक्तीने दिलेले देवाला पोचते असे सांगितले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा हे शांतपणे सांगावे. तब्येतीचे म्हणाल तर कॅल्शियम तीळ, नाचणी, राजगिरा यांतून मिळते. बी-12 जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध पूर्ण सोडणाऱ्याने डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावीच. यात हयगय नको.

सगळ्यांत नाजूक गोष्ट शेतकऱ्याची. दर दहा दिवसांनी हातात पडणारा दुधाचा पैसा कोरडवाहू घराला तारतो. 2012-13 च्या दुष्काळात, जालना जिल्हा होरपळत असताना, जनावर जगवण्यासाठी माणसांनी काय काय सोसले ते आपण पाहिले आहे. अशा घराला दोषी ठरवून कुणी व्हीगन होऊ नये. उलट दूध सोडताना जो पैसा वाचतो तो कुठे जातो, हे पाहावे. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो आणि मराठवाड्यातला करडईचा पेरा पुरता आटला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले, पण भाव नसेल तर शेतकरी करडई पेरणार कशाला? पामतेलात तळलेल्या व्हीगन फराळाने आपल्या मातीचे काही भले होत नाही. करडई-शेंगदाण्याचे लाकडी घाण्याचे तेल चार पैसे जास्त देऊन घेतले, तर होते.

यंदा तुमच्या घरी दूध-तूप सोडलेले कुणी येणार असेल, तर त्याचे ताट वेगळे करू नका. शंकरपाळ्याला तेलाचे मोहन घाला, तिळाचे लाडू वळा, एका रात्री शेंगोळे करा आणि सगळ्यांनी तेच जेवा.