धावा पुरेशा, पण वीस बळींचे काय?

फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. तालुक्याच्या गावी प्रथम श्रेणीचा सामना होणे ही काही रोजची गोष्ट नव्हे. बारामती आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यातील क्रिकेटवेड्यांना राज्याचा संघ आपल्या दारात पाहायला मिळाला. या संघाकडे पाहताना मनात एक जुना प्रश्न येतोच. महाराष्ट्राच्या फलंदाजीबद्दल फारशी शंका कधी नसते. पण ही गोलंदाजी रणजी करंडक जिंकून देण्याइतकी सकस आहे काय?

इतिहासाचा कौल प्रतिकूल आहे. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक पटकावला. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तीन हंगामांत संघ अंतिम फेरीत पोचला आणि तिन्ही वेळा हरला. मधल्या काळात धावांचे डोंगर मात्र उभे राहत होते. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. त्याच हंगामात मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या, तरीही सामना ३५४ धावांनी गमावला! मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ अशी मजल मारली होती. एका सामन्यात हजारावर धावा करूनही हरावे लागते, यात संघाच्या दुखण्याचे निदान आले.

हे दुखणे समजून घ्यायचे तर रणजीचे गणित पाहावे लागते. साखळी सामना चार दिवसांचा असतो आणि दिवसाला ९० याप्रमाणे जास्तीत जास्त ३६० षटके मिळतात. निर्णायक विजयाला ६ गुण आहेत. डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी एक मिळतो. सामना अनिर्णित राहिला, तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १ गुण. समजा, आपल्या फलंदाजांनी दोन्ही डावांत मिळून १५० षटके घेतली. उरलेल्या २१० षटकांत वीस बळी हवेत, म्हणजे सरासरी ६३ चेंडूंमागे एक. एखादा चांगला गोलंदाज ५० चेंडूंमागे बळी मिळवील. पण दुसऱ्या टोकाकडून ९० चेंडूंमागे एक गडी बाद होत असेल, तर चौथ्या दिवशी सूर्य मावळतो आणि प्रतिस्पर्ध्यांचा शेवटचा गडी शिल्लकच राहतो. एकट्यादुकट्या गोलंदाजाने भागत नाही, ते यामुळे. जोडी लागते, आणि ती थकल्यावर तिची जागा घेणारा तिसराही लागतो.

ऑक्टोबर २०१६ मधील वानखेडेवरचा सामना या संदर्भात बोलका आहे. दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) आणि अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. महाराष्ट्राने २ बाद ६३५ वर डाव सोडला. उत्तरादाखल ऋषभ पंतने ३०८ धावा ठोकल्या आणि दिल्ली ५९० पर्यंत गेली. एवढ्या पराक्रमाची कमाई काय, तर तीन गुण. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईविरुद्ध याहून विलक्षण प्रकार घडला. दोन्ही संघांचे पहिले डाव बरोबर ३८४ वर संपले. सामना अनिर्णित राहिला आणि दोन्ही संघ उपान्त्यपूर्व फेरीला मुकले. मुंबईचा शेवटचा गडी एक धाव आधी बाद झाला असता तर? अशा ‘तर’चा हिशेब गोलंदाजांच्याच खात्यावर मांडावा लागतो.

शेजाऱ्यांकडे पाहिले की फरक लगेच दिसतो. विदर्भाकडे २०१७-१८ मध्ये ताऱ्यांची रांग नव्हती. पण रजनीश गुरबानीने त्या हंगामात ३९ बळी घेतले. कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना विदर्भाने अवघ्या पाच धावांनी जिंकला आणि दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात गुरबानीने हॅटट्रिक साधली. सौराष्ट्राने २०१९-२० चा करंडक जिंकला तेव्हा जयदेव उनाडकटचे ६७ बळी होते. २०२४-२५ मध्ये विदर्भ पुन्हा विजेता ठरला, तेव्हा हर्ष दुबेने ६९ बळींचा हंगामी विक्रम केला. महाराष्ट्राचा २०१३-१४ चा संघ अंतिम फेरीत गेला, तोही केवळ केदार जाधवच्या १२२३ धावांच्या बळावर नव्हे. उपान्त्यपूर्व सामन्यात मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत आणि उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४ धावांत गुंडाळणारे समद फल्ला आणि त्याचे सहकारी होते. अंतिम सामन्यात कर्नाटकाने ५१५ धावा केल्या आणि तिथेच स्वप्न संपले.

मग आजचा मारा कसा आहे? मुकेश चौधरी हा डावखुरा वेगवान गोलंदाज नवा चेंडू आत आणतो, ही दुर्मिळ देणगी. परंतु दुखापतीमुळे त्याला २०२३ ची आयपीएल सोडावी लागली होती आणि अशा गोलंदाजावर सलग सामन्यांचे ओझे टाकताना हात आखडतो. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर वेगवान आहे. डावखुरा फिरकीपटू विकी ओस्तवाल त्याच्याबरोबर २०२२ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघात होता. गुरबानी २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राकडे आला आणि पुढल्या हंगामात ऑफस्पिनर जलज सक्सेना. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी अशी दुहेरी मजल मारणारा सक्सेना हा पहिलाच खेळाडू. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम येथे महाराष्ट्राचा निम्मा संघ अवघ्या १८ धावांत परतला होता. डाव कसाबसा २३९ पर्यंत गेला आणि गोलंदाजांनी केरळला २१९ धावांत रोखून आघाडी मिळवली. मारा अगदीच दुबळा नाही, हे यावरून दिसते. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकला बडोद्याचा ४३९ धावांनी फडशा पाडणाराही हाच संघ.

तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते हा मारा बाद फेरीच्या उंबरठ्यापर्यंत नेणारा आहे, करंडकापर्यंत नेणारा नाही. बाहेरून आणलेले अनुभवी गोलंदाज एक-दोन हंगामांची सोय करतात. सक्सेना चाळिशीकडे झुकलेला, गुरबानीने तिशी ओलांडलेली. त्यांच्या मागे घरचा, वर्षाला चाळीस बळी घेईल असा कोण, याचे उत्तर ठामपणे देता येत नाही.

घरचे मात्र बाहेर गेले आहेत. श्रीरामपूरचा झहीर खान महाराष्ट्राकडून खेळलाच नाही. २००१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध दुसऱ्या डावात पाच बळी घेऊन त्याने बडोद्याला करंडक मिळवून दिला, पुढे तो मुंबईचा झाला. श्रीरामपूर काय आणि बारामती-इंदापूर काय, उसाच्या मळ्यांचा आणि साखर कारखान्यांचाच हा मुलूख. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत पोरे जीव तोडून वेगाने चेंडू टाकतात. मात्र टेनिसच्या चेंडूला शिवण नसते. तो हवेत कसा वळवावा, मनगट कसे सरळ ठेवावे, दिवसाला अठरा-वीस षटके कशी टाकावीत, हे लेदर चेंडूने आणि खऱ्या टर्फवर खेळूनच कळते. बारामतीसारख्या मैदानाचे मोल रणजीच्या एखाद्या सामन्यापुरते नाही. जिल्ह्याच्या वयोगट स्पर्धांचे दोन-तीन दिवसांचे सामने तेथे नेमाने झाले, तर इंदापूरच्या मुलाला पुणे गाठण्याआधीच नवा चेंडू हाती मिळेल.

बारामतीचा एका गोलंदाजाशी जुना ऋणानुबंधही आहे. शरद पवार यांचे सासरे सदाशिव शिंदे हे महाराष्ट्राचे लेगस्पिनर. १९४३-४४ मध्ये विजय मर्चंट मुंबईकडून नाबाद ३५९ धावा करीत असताना शिंदे यांनी ७५ षटकांहून अधिक मारा केला आणि पाच बळी मिळवले. १९५१ मध्ये दिल्ली कसोटीत त्यांनी इंग्लंडचे सहा गडी ९१ धावांत टिपले. जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद रोहित पवार यांच्याकडे, म्हणजे पुन्हा बारामतीच्याच घराण्याकडे आले. पाटा खेळपट्ट्या करून तीन गुणांवर समाधान मानायचे, की हरण्याचा धोका पत्करून हिरवळ राखायची, हा निर्णय संघटनेच्या हातात असतो. नाशिकचा निकाल त्यांच्यासमोर आहेच.