कॅमेरा मोहल्ल्यात कधी येतो?

रमजान सुरू झाला की मोहल्ल्यात कॅमेरे येतात. असरच्या नमाजनंतर कढया चढतात, भजी आणि समोसे तळले जाऊ लागतात, खजुरांचे ढीग लागतात, कलिंगडाच्या लाल फाकी रचल्या जातात. मग हातातले मोबाइल उंचावतात आणि रात्री तरावीह संपेपर्यंत त्या बाजाराचे रील गावभर फिरलेले असते. यात वाईट काही नाही. ते पाहून शेजारच्या गल्लीतले मित्र आवर्जून येतात, चार घास सोबत खातात. पण ईद झाली की हे कॅमेरे परत जातात. पुन्हा येतात ते बहुधा पोलिसांच्या गाडीमागून. एक कॅमेरा खाण्याचा, दुसरा गुन्ह्याचा. या दोहोंच्या मधले अकरा महिने माणसे काय करतात, कशावर हसतात, कशासाठी झुरतात, हे कोण टिपते?

हे काम माहितीपटाचे आहे. या शब्दाचे नाव काढले की अनेकांना जांभई येते. पूर्वी थिएटरात मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनची रिळे दाखवत आणि तेवढ्या वेळात प्रेक्षक बाहेर शेंगदाणे घ्यायला जात. मराठीत आपण त्याला माहितीपट म्हणतो, म्हणजे माहिती देणारा पट. उर्दूत त्याला ‘दस्तावेजी फिल्म’ म्हणतात. हा दस्तावेज आपल्याला परका नाही. तलाठी कार्यालयापासून रजिस्ट्री ऑफिसपर्यंत आपण ज्याला दस्तऐवज म्हणतो, तोच हा शब्द. माहिती ऐकली आणि विसरली तरी चालते. दस्तऐवज मात्र पेटीत जपून ठेवावा लागतो, कारण उद्या कोणी ‘तुम्ही कोण, कुठले?’ असे विचारले तर तोच दाखवायचा असतो. ज्या समाजांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, त्यांच्यासाठी चांगला माहितीपट हा असा दस्तऐवज असतो.

मालेगावचा सुपरमॅन

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मालेगाव म्हटले की डोळ्यांसमोर काय येते, हे मुलांना विचारून पाहा. बहुतेकांच्या तोंडी बॉम्बस्फोट येतो. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी जुम्म्याच्या नमाजनंतर तिथे स्फोट झाले. २९ सप्टेंबर २००८ रोजी, ऐन रमजानमध्ये, भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला. दोन्ही वेळा देशभरचे कॅमेरे तिथे पोहोचले. २००६ च्या प्रकरणात सुरुवातीला पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. अटकेची बातमी जितकी गाजली, तितकी ही गाजली नाही.

त्याच काळात फैजा अहमद खान ही दिग्दर्शिका आपला कॅमेरा घेऊन मालेगावात गेली. तिला तिथे यंत्रमागांच्या खडखडाटात सिनेमा करणारी माणसे भेटली. शेख नासिर हा व्हिडिओ पार्लर चालवणारा, लग्नाचे शूटिंग करणारा माणूस. त्याने आधी ‘मालेगाव के शोले’ केला होता आणि आता ‘मालेगाव का सुपरमॅन’ करायला घेतला होता. त्याचा सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा अंगाने काडीसारखा तरुण. सिनेमात त्याला उडवायचे कसे? ट्रकला हिरवा पडदा लावायचा. ट्रॉली हवी? सायकल आहेच. शूटिंगमध्ये एकदा कॅमेराच पाण्यात पडतो आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. मधेच शफीकचे लग्न ठरते आणि सुपरमॅनला सुट्टी द्यावी लागते. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा फैजाचा माहितीपट २००८ मध्ये पूर्ण झाला आणि २०१२ मध्ये आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. शफीक तोवर राहिला नव्हता, २०११ मध्ये कर्करोगाने त्याला नेले. याच माणसांवर रीमा कागती यांनी केलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, रमजानच्या तोंडावर प्रदर्शित झाला.

हा माहितीपट पाहताना आपण पोट धरून हसतो, पण त्या माणसांना हसत नाही. त्यांच्यासोबत हसतो. दिग्दर्शिका तिथे दोन तासांत बाइट घेऊन परतली नाही. शूटिंग चालले तोवर ती त्यांच्या मागे राहिली, म्हणून माणसे कॅमेऱ्याला विसरली आणि मोकळी झाली. आठवडाभर मागावर राबून शुक्रवारी सिनेमाला धावणाऱ्या कामगाराची भूक तिला दिसली. मोसम नदीच्या दोन काठांवर दोन समाज राहतात, हेही तिने लपवले नाही. कुंडलिकेच्या अलीकडे-पलीकडे जुना जालना आणि नवा जालना पाहिलेल्या आपल्याला नदी गावाची विभागणी कशी करते हे नव्याने सांगायला नको. फरक इतकाच, की आपल्या पुलावरून रोजची ये-जा आहे.

कौतुकाचा आणि प्रश्नाचा

चांगला माहितीपट नुसते गोडवे गात नाही. सुपरमॅनच्या या गोष्टीत नायिका बाहेरगावाहून आणावी लागते, कारण मालेगावातली मुलगी पडद्यावर येणार नाही. सगळ्या पडद्यावर पुरुषच पुरुष. बायका कुठे आहेत, हा प्रश्न त्या रिकाम्या जागेतून आपोआप उभा राहतो.

दीपा धनराज यांनी ‘इन्व्होकिंग जस्टिस’ या २०११ च्या माहितीपटात नेमका हाच प्रश्न पुढे नेला. तमिळनाडूत तलाक, मेहर, मारहाण यांचे निवाडे करणाऱ्या जमातींत फक्त पुरुष बसत. ज्या बाईचा संसार मोडायचा, तिलाच तिथे बोलता येत नसे. तिथल्या मुस्लिम महिलांनी २००४ मध्ये स्वतःची महिला जमात उभी केली. माहितीपटात या बायका वाद घालतात, कागद मागतात, पोलिसांपर्यंत जातात. कोणी बाहेरचा त्यांना वाचवायला येत नाही. आपल्या समाजाने हे पाहायला हवे, आणि शेजारच्या समाजानेही पाहायला हवे. ‘बिचारी मुस्लिम स्त्री’ हे चित्र दोघांच्याही डोळ्यांसमोरून पुसले जाईल.

दखल न घेतलेली वस्ती एकाच धर्माची नसते. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या ‘नाता’ (२००३) मध्ये धारावीतले भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोन मित्र भेटतात. १९९२-९३ च्या दंगलींनी पोळलेल्या वस्तीत मोहल्ला समित्यांच्या कामातून ही मैत्री टिकली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवात ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगरातील पोलीस गोळीबारापासून होते. त्या दिवशी १० जण मारले गेले आणि त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवले. पटवर्धन तिथून पुढे १४ वर्षे शाहिरांच्या, गायकांच्या मागे फिरत राहिले. ज्यांचे नाव फक्त गोळीबाराच्या बातमीत आले असते, त्यांची गाणी, त्यांचा विनोद, त्यांचा राग आज आपल्याला ऐकता येतो तो या चिकाटीमुळे.

आपल्या जिल्ह्याचे काय?

जालन्याकडेही कॅमेरे वाईट दिवशीच आले. २०१३ च्या दुष्काळात टँकरभोवतीच्या घागरी सगळ्या देशाने पाहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीतला लाठीमार पाहिला. पण त्यानंतर काय झाले? कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. निजामकाळातले दप्तर उघडले आणि त्यातले बरेच निघाले उर्दूत. मराठा कुटुंबाच्या पणजोबाचे नाव वाचायला उर्दू येणारा माणूस लागला. दोन समाजांचा भूतकाळ एकाच पिवळ्या कागदावर आहे, हे दाखवणारे याहून चांगले दृश्य कोणते? हा विषय माहितीपट करणाऱ्याची वाट पाहत आहे.

आणखी कितीतरी आहेत. रोजा धरून रोलिंग मिलच्या भट्टीसमोर सळया ओढणारा कामगार. दिवाळी झाली की कोयता घेऊन, घराला कुलूप लावून निघणारे अंबड-घनसावंगीचे ऊसतोड जोडपे आणि मागे राहिलेली त्यांची म्हातारी. कापूस पिंजणारे पिंजारी, ज्यांचा धंदा तयार गाद्यांनी गिळला. सहरीला गल्लीगल्लीत हाक देत फिरणारा, मोबाइलच्या अलार्मने बेकार केलेला माणूस. आणि आपली दखनी बोली, जिच्यातला ‘नक्को’ आणि ‘वैसाच’ मधला ‘च’ थेट मराठीतून आलेला आहे. ती बोलणारे आजी-आजोबा गेले की ती बोली आपल्याला ऐकायला मिळणार नाही.

मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. नासिरने सायकलची ट्रॉली केली, आपल्या प्रत्येकाच्या खिशात त्याच्याहून चांगला कॅमेरा आहे. पण तीन गोष्टी पाळाव्यात. आधी परवानगी घ्यावी, आणि ‘नाही’ म्हटले तर कॅमेरा खिशात घालावा. मग वेळ द्यावा, कारण पहिल्या दिवशी माणूस चांगले कपडे घालून बोलतो आणि आठव्या दिवशी खरे बोलतो. तयार झालेले चित्रण गावाला दाखवण्याआधी त्याच माणसाला दाखवावे. दानाच्या बाबतीत तर याची फार गरज आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही आपली शिकवण. तरी रमजानचे रेशन किट घेणाऱ्या विधवेचा चेहरा दुसऱ्या दिवशी स्टेटसवर झळकतो. गरिबाची गोष्ट सांगणे वेगळे आणि आपल्या दानाची पावती म्हणून त्याचा चेहरा वापरणे वेगळे.

महिन्याचे उरलेले दिवस हाताशी आहेत. इफ्तारनंतर दादी किंवा नानी निवांत बसते, तेव्हा तिला तिच्या लहानपणीच्या रमजानबद्दल विचारावे आणि तिची हरकत नसेल तर ते टिपून ठेवावे. तेव्हा शेजारच्या वाड्यातून इफ्तारला काय यायचे, चंद्र कोणत्या गच्चीवरून पाहायचे, हे ती सांगेल. शेजारच्या काकूंनाही दिवाळीला मोहल्ल्यातून कोण यायचे ते विचारावे. ईदला शिरखुर्मा प्यायला दोन्हीकडची माणसे जमतील, तेव्हा दोघींचे बोलणे सगळ्यांनी एकत्र बसून पाहावे. रमजान मुबारक.