कर्करोग आणि विषाणू

श्रोतेहो, परभणी जिल्ह्यातील पालम येथून आलेले एक पत्र माझ्यासमोर आहे. सुनेला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आहे, आणि तो विषाणूपासून होतो असे कोणीसे सांगितल्यामुळे घरच्यांनी तिचे ताट-तांब्या निराळे केले आहे. हे योग्य की अयोग्य, एवढेच सासूबाई विचारतात. पत्र चारच ओळींचे. परंतु त्याचे उत्तर हाती यावयास शास्त्राला जवळजवळ शतक लागले.

१९११ साली न्यूयॉर्कच्या पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा रस इतक्या सूक्ष्म गाळणीतून गाळला की पेशी वा जंतू पलीकडे जाऊच नयेत. तो रस निरोगी कोंबड्यांना टोचताच त्यांनाही गाठी आल्या. हे लोकांना पटावयास फार काळ जावा लागला. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, ८७ वर्षांचे असताना.

पुढे १९३६ साली जॉन बिटनर यांनी उंदरांचा एक वाण घेतला. त्यात स्तनांचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या दिसे, म्हणून तो आनुवंशिक मानला जाई. नवजात पिल्ले आईपासून काढून निरोगी वाणाच्या मादीच्या दुधावर वाढविताच रोग पुष्कळ घटला. रक्ताचा वारसा म्हणून जो समजला गेला होता, त्यातील मोठा वाटा दुधाचा निघाला. दुधातील तो घटक म्हणजे विषाणूच होय.

येथे आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे आठवतात. जन्म १९१७, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. वडिलांना वाटे, मुलीने वैद्यक शिकावे. तिने धरला जीवशास्त्राचा रस्ता, आणि प्रथम सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी अभ्यासल्या! १९४९ साली डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. नंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्यापाशी त्या काचपात्रात जिवंत पेशी वाढविण्याची विद्या शिकल्या, आणि परतून मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तिची प्रयोगशाळा उभारली. वंश, अंतःस्रावी ग्रंथींचे रस आणि विषाणू यांचे कर्करोगात परस्परांशी नाते काय, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी उंदरांच्या पिढ्यांमागून पिढ्या सांभाळाव्या लागतात, आणि एका निष्कर्षासाठी वर्षे जातात. विषाणू एकटा पुरेसा नसतो, त्याला अनुकूल शरीर आणि काळ लागतो, हे अशाच कामातून उमगले. मातांनी मात्र घाबरू नये: उंदरांतील तो विषाणू मनुष्याच्या स्तनांच्या कर्करोगास कारण होतो, असे सिद्ध झालेले नाही.

गर्भाशयमुखाचे तसे नाही. तेथील गाठींत जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना १९८३ साली पॅपिलोमा विषाणूचा एक प्रकार सापडला. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. पेशींच्या अनिर्बंध वाढीला आवर घालणारी काही प्रथिने शरीरात असतात. या विषाणूची दोन प्रथिने त्या पहारेकऱ्यांनाच निकामी करतात. तरीही बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. जेथे ठाण मांडतो तेथेही कर्करोग व्हावयास बहुधा दहा-वीस वर्षे लागतात.

एवढा अवधी हाती असतो, आणि त्याचा उपयोग कसा करावा हे आपल्या मराठवाड्यानेच दाखविले. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या पाहणीत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. ज्या गटाची या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. विशेष तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तसेच ठेवावे काय, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती अकारण नव्हती.

तेव्हा सासूबाई, हा विषाणू स्त्री-पुरुष संबंधातून पसरतो, ताटातून नव्हे. आणि कर्करोग तर एकाचा दुसऱ्याला लागतच नाही. सुनेचे ताट पंगतीत घ्या. तिशी ओलांडलेल्या घरातील इतर स्त्रियांना तपासणीस न्या, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या नातींना या विषाणूची लस केव्हा द्यावी, तेही त्याच वेळी डॉक्टरांना विचारा.