रौप्यहंसाची दुरुस्ती

इंग्लंडमधील बार्नार्ड कॅसल या गावच्या बोज संग्रहालयात असलेला चांदीचा हंस हा अठराव्या शतकातील ‘ऑटोमॅटन’, म्हणजे चावी दिल्यावर सजीवासारखी हालचाल करणारे शोभेचे यंत्र, या प्रकाराचा अत्यंत देखणा नमुना आहे. लंडनचे व्यापारी जेम्स कॉक्स आणि कुशल यंत्रकार जॉन जोसेफ मर्लिन यांची नावे त्याच्याशी निगडित असून, 1773 मध्ये तो लोकांसमोर आला आणि 1872 मध्ये जॉन बोज यांनी तो विकत घेतला. त्यात तीन स्वतंत्र घड्याळी यंत्रणा आहेत; त्यांच्यामुळे संगीत वाजते, पीळदार काचेच्या कांड्या फिरून वाहत्या पाण्याचा भास निर्माण होतो आणि हंस मान वळवून मासा टिपतो.

2020 मध्ये हे यंत्र बंद पडले. अशा जुन्या यंत्राच्या दुरुस्तीत खरी कसोटी संयमाची असते, कारण जुने वंगण घट्ट होऊन दंतचक्रे अडतात, आणि हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळवंडलेली चांदी घासून उजळताना प्रत्येक वेळी मूळ धातूचा सूक्ष्म थर कायमचा निघून जातो; म्हणूनच जाणते संवर्धक झिजलेला भाग सरसकट बदलत नाहीत, तर शक्य तितका मूळ भाग राखून नव्या कामाची काटेकोर नोंद ठेवतात. हंस 2024 मध्ये पुन्हा हलू लागला. मात्र त्याची प्रत्येक हालचाल यंत्राची थोडी झीज करते, म्हणून त्याला मोजकेच चालवणे हेच योग्य होय.