वाळवंटातलं जुनं पाणी

वाळवंट म्हटलं की तहान आठवते. पण श्रोतेहो, दक्षिण ऑस्ट्रेलियात सिम्पसन वाळवंटाच्या पश्चिम कडेला विटजिरा नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तरीही डलहौसीचे झरे बारमाही वाहतात. तिथल्या मोठ्या कुंडात उतरलं, तर पाणी अंगाला ऊनऊन लागतं.

हे पाणी येतं कुठून? जमिनीखाली सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटींहून मोठा, जलसाठा आहे. दूरच्या डोंगरांत मुरलेला पाऊस वालुकाश्मातून अतिशय हळू झिरपतो. त्यातलं काही पाणी लाखो वर्षांचं आहे. खोलवर ते तापतं आणि खडकातल्या भेगांतून दाबानं वर येतं.

लोअर सदर्न अरर्न्टे आणि वांगकांगुरू या मूळ रहिवाशांचा इथला वास फार जुना. ते या जागेला ‘इर्वन्येरे’, म्हणजे बरं करणारा झरा, म्हणतात. इथले काही मासे जगात अन्यत्र कुठंही नाहीत.

एकोणिसाव्या शतकात गोरे पशुपालक आले. गुरांनी काठ तुडवले. १९८५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि गुरं हटली. आता झरे सुखी होतील, असं कुणालाही वाटलं असतं. पण आपण ज्याच्या लेखण्या करायचो, त्या बोरूच्या जातीचं गवत माजलं. काही लहान झऱ्यांत उघडं पाणीच उरलं नाही, तिथले मासे गेले. पूर्वी मूळ रहिवासी हे गवत जाळून पाणी मोकळं ठेवत असावेत, असं अभ्यासक म्हणतात. निसर्ग राखायचा म्हणजे माणसानं दूर व्हायचं, ही आपली समजूत इथं अपुरी पडते. आज उद्यानाच्या कारभारात मूळ रहिवाशांचाही वाटा आहे. २००९ मध्ये या झऱ्यांना ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारशात स्थान मिळालं.

धोका मात्र कुंपणाबाहेरही आहे. १८७८ पासून या जलसाठ्यात विंधन विहिरी खोदल्या गेल्या. कित्येक विहिरी वर्षानुवर्षं उघड्या वाहत राहिल्या. दाब घटला आणि इतरत्र अनेक झरे आटले. १९९९ पासून अशा विहिरींना झडपा बसवण्याची मोठी मोहीम सुरू झाली. लाखो वर्षांत साठलेलं पाणी घाईनं उपसलं, तर ते भरून यायला पुन्हा तेवढाच काळ लागेल. बोअरवेलवर जगणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळं सांगायला नको.