कलमाचा चाकू घेताना मुठीपेक्षा पातं बघा



पाऊस लागला की रोपवाटिका चालवणाऱ्या आपल्या गटांची एकच धांदल उडते. कोया रुजतात, तांबूस कोंब वर येतात, मग कलमकाड्या आणा, पिशव्या भरा, सावलीची जाळी बांधा. या सगळ्याचा हिशोब आपण मासिक बैठकीत बारीक करतो. माती किती, शेणखत किती, बांधायची प्लास्टिकची पट्टी किती किलो. चाकू मात्र शेवटच्या ओळीत, "तो काय, बाजारातून येताना आणू" असा.

आमच्या गटानं दोन वर्षांपूर्वी असंच केलं. आठवडी बाजारात एका विक्रेत्याकडे घडीचे चाकू स्वस्त मिळाले. चकचकीत पातं, लाल प्लास्टिकची मूठ. एकदम 12 घेतले आणि वर सूट मिळाली म्हणून खूषही झालो. पहिला दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी पातं काडीवर घसरायला लागलं, साल कापायच्या ऐवजी फाटायला लागली. पहिल्या खेपेची 300 कलमं बांधली त्यातली निम्म्याहून जास्त सुकली. पावसानं मध्येच दडी मारली होती हे खरं, सगळं खापर चाकूवर फोडत नाही. पण त्याच दिवशी, त्याच काड्या घेऊन आमच्यातल्या एका काकूंनी सासऱ्यांच्या जुन्या काळपट चाकूनं बांधलेली कलमं बहुतेक धरली होती. कर्जाचा हप्ता काही कलमं मेली म्हणून थांबत नाही. त्या वर्षी तो आम्ही मजुरीतून भरला.

तेव्हापासून मी चाकूच्या मागे लागले. लोहाराला विचारलं, कलम बांधणाऱ्या जुन्या माणसांना विचारलं, स्वतः चार चाकू वापरून पाहिले. ते इथं सांगते.

आधी धारेचं एवढं काय ते बघू. सालीच्या लगेच आत एक पातळ हिरवट ओलसर थर असतो. झाडाची वाढ त्याच थरातून होते. खुंटाचा हा थर आणि काडीचा हा थर एकमेकांना नीट चिकटले तरच जोड धरतो. कोय कलमात आपण कोवळ्या रोपाचा शेंडा कापतो, मधोमध 4 ते 5 सेंटिमीटर उभी चीर देतो आणि काडीला तेवढीच पाचर करून त्यात बसवतो. पाचरीचे दोन्ही काप एकाच झटक्यात, आरशासारखे सपाट झाले पाहिजेत. पातं बोथट असलं की आपण करवतीसारखं मागंपुढं करतो, कापाला लाटा येतात, मध्ये हवा राहते, पाणी शिरतं, आणि जोड कुजतो. वरून पट्टी कितीही घट्ट आवळा.

आता पोलादाकडे. नुसतं लोखंड मऊ असतं. त्यात थोडा कार्बन मिसळला की ते पोलाद होतं, आणि लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कडक होतं. यालाच आपला लोहार 'पाणी देणं' म्हणतो. कार्बन अगदी कमी, म्हणजे पाव टक्क्याच्या आत असला, तर कितीही पाणी द्या, ते कडक होत नाही. खिडकीच्या गजाचं लोखंड असं असतं. चांगल्या चाकूच्या पात्यात कार्बन साधारण 0.6 ते 1 टक्का लागतो. ट्रकच्या पाट्यात, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीत, तो 0.6 टक्क्याच्या आसपास असतो. म्हणून लोहार कोयत्याला पाटाच मागतो.

बाजारात पाती मुख्यतः दोन जातीची. एक हे साधं कार्बनचं पोलाद. दुसरं स्टेनलेस, ज्यात क्रोमियम 11-12 टक्के किंवा जास्त असतं, म्हणून ते सहसा गंजत नाही. पण स्टेनलेस म्हटलं की सगळं एकच असं नाही, आणि आम्ही फसलो ते इथंच. डबे-ताटल्यांचं स्टेनलेस वेगळं. ते पाणी देऊन कडक होतच नाही. चाकूचं स्टेनलेस वेगळं, त्यात कार्बन घातलेला असतो आणि ते कडक होतं. ओळखायचं कसं? लोहचुंबक लावा. आपल्याकडे समज असा की चुंबक चिकटला म्हणजे खरं स्टेनलेस नाही. ताटलीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. चाकूच्या बाबतीत उलटं. चुंबक चिकटलाच नाही तर ते भांड्याचं स्टील, त्याला धार टिकणार नाही. चिकटला म्हणजे चाकू चांगलाच असं मात्र नव्हे, कारण मऊ लोखंडालाही तो चिकटतोच.

म्हणून दुसरी परीक्षा कानसीची. पात्याच्या पाठीजवळ, मुठीलगत, जिथं धारेचं काम नाही तिथं, बारीक कानस हलकेच ओढा. सहज खाल्लं आणि चुरा पडला, तर पातं मऊ. कानस घसरली किंवा जेमतेम ओरखडा उठला, तर पाणी बरोबर बसलंय. दुकानदार कुरकुर करेल. करू दे. एक चाकू पैसे देऊन घ्या आणि त्यावर करून बघा, मग बाकीचे घ्या. लोहाराकडून करून घेणार असाल तर त्याच्या दगडावर पट्टीचा तुकडा धरायला सांगा. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, मऊ लोखंडाच्या लांब सरळ रेघा निघतात. बघायला मजा येते, पण लांबून, डोळे सांभाळून.

मग कार्बन घ्यावं की स्टेनलेस? माझं मत सांगते. जिचा चाकू तिच्याच हातात राहणार, जी रोज पुसून ठेवेल, तिनं कार्बनचं पातं घ्यावं. त्याला धार लवकर लागते, बारीक लागते. आंब्याच्या चिकानं ते दोन दिवसांत काळंनिळं पडतं, त्याला घाबरू नका. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून काळी शाई करत, तोच हा प्रकार. काळा डाग म्हणजे गंज नाही. तांबडा दिसला तर गंज, तो लगेच घासून काढायचा. पण चाकू गटाचा असेल, चार हातांतून जाणार असेल, पावसात पत्र्याखाली पडून राहणार असेल, किंवा गाव खाडीकाठी खाऱ्या वाऱ्यावर असेल, तर चांगलं स्टेनलेस घ्या. धार लावायला जरा जास्त वेळ लागेल एवढंच. फ्रान्समध्ये ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा घडीचा चाकू 1890 पासून होतोय. आजही तो कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही पात्यांत विकतात. म्हणजे हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडत नाही!

घडीचा चाकू हातात घेतला की उघडून पातं डावीउजवीकडे हलवून बघा. डुगडुगलं तर परत द्या. उघडताना आणि मिटताना स्प्रिंगचा 'टक्' असा ठाम आवाज आला पाहिजे. पात्यावर नख अडकवायची खाच असते, ती ओल्या बोटांनी उघडता येते का ते तिथंच पाहा. जुन्या पद्धतीच्या चाकूला कुलूप नसतं, पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगवर उभं राहतं. धारेवर जोर दिला तर ते आणखी उघडतं, धोका नाही. पाठीवर जोर आला किंवा टोकानं काही भोसकलं, तर ते आपल्याच बोटांवर मिटतं. पिशवीला भोकं पाडायला हा चाकू वापरू नका. त्यासाठी दाभण आहे.

कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं असते. एक बाजू पूर्ण सपाट, दुसरीकडून उतार. सपाट बाजू काडीकडे राहिली की काप सरळ येतो. म्हणूनच आपल्यातली एखादी डावखुरी असेल तर तिला उलट्या अंगाची धार लागते. आमच्याकडे एक मुलगी "मला जमतच नाही" म्हणून पिशव्या भरायला बसायची. धार उलटी करून दिली आणि आता तीच सगळ्यात जास्त कलमं बांधते.

काहीजणी दाढीच्या ब्लेडनं काम भागवतात. कोवळ्या कोयीच्या कोंबाला ते चालतं, मीही केलंय. काजूच्या रोपाला ते वाकतं, मोडतं, आणि मोडका तुकडा मातीत गेला की पिशवी उचलणारीच्या हाताला सापडतो.

धार घरीच लावा. दोन बाजूंचा, एक खरखरीत आणि एक बारीक असा दगड गटानं एक घेतला तरी पुरतो. पाणी टाकून उताराची बाजू दगडावर टेकवायची आणि तो कोन न सोडता घासायचं. पलीकडे बारीक तार उठलेली बोटाला लागेल, मग सपाट बाजू पूर्ण आडवी ठेवून दोनतीनदा हलकेच ओढायची. वहीचा कागद न फाटता कापला गेला पाहिजे. फिरत्या धारवाल्याच्या चाकावर कलमाचा चाकू देऊ नका. तिथं पातं तापतं, कड निळी पडते, आणि निळी पडली म्हणजे तिथलं पाणी उतरलं. त्याच कारणानं चाकू निर्जंतुक करायला चुलीत किंवा मेणबत्तीवर धरू नये. स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं, आणि नव्या झाडाच्या काड्या घेताना दर वेळी फिरवावा.

संध्याकाळी चीक पुसायचा, पातं कोरडं करून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. सांध्यात मात्र खोबरेल नको, ते चिकट होतं. तिथं शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकावा.

आमच्या गटात आता चाकूची नोंद साहित्य रजिस्टरमध्ये होते. नंबर घातलेला चाकू, कोणाकडे आहे, कधी धार लावली. या हंगामाला आधी दोनच आणले, काकूंच्या जुन्या चाकूशेजारी ठेवून आठ दिवस चालवले, आणि मग बाकीच्यांचा ठराव घेतला. ते 12 लाल मुठीचे अजून आहेत. सुतळी कापायला बरे पडतात.